मागची भिंत

आमच्या घराला तीन बाजूंनी प्लास्टर आहे, चौथ्या बाजूने नाही. समोरून पाहाल तर राजुऱ्यातलं एकदम झकास घर: फिका हिरवा रंग, काळं ग्रिल, दारावर फुटक्या टाईल्सच्या तुकड्यांची वेल. मागे जाल तर नुसत्या विटा. पाहुणे यायचे असले की अम्मी मागच्या तारेवर मोठी फुलाफुलांची लाल चादर वाळत घालते, चादर कोरडी असली तरी. गल्लीतल्या पोट्ट्यांना हे पक्कं माहीत आहे. मी शाळेत निघाले की एखादा ओरडतोच, "काऊन वो उमेरा, मिस्त्रीच्या घराले मागून थंडी नाई वाजत का?"

वाजते ना. थंडी वाजते आणि पावसाळ्यात ओलही येते. माझी अभ्यासाची फळी नेमकी त्याच भिंतीला. यंदा दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकाला बुरशी लागली आणि ब्राझीलमध्ये कोणाच्या परवानगीशिवाय एक जास्तीचं जंगल उगवलं.

तो मिस्त्री म्हणजे माझे अब्बू, कय्यूम मिस्त्री. प्लास्टरचे कारागीर. अंधारात भिंतीला चिकटवून बॅटरी तिरपी धरली की भिंतीतला प्रत्येक खड्डा, प्रत्येक उंचवटा सावली पाडून चुगली करतो. अब्बूंची भिंत चुगली करत नाही. पण अशा भिंती सगळ्या हैदराबादला, उंच उंच इमारतींत. मी तिसरीत असल्यापासून ते तिकडेच आहेत. दोन्ही ईदला येतात. बल्लारशाला गाडीतून उतरतात, ऑटोने राजुऱ्याला येतात, आणि अम्मीच्या हातच्या खिम्याची चव अजून जिभेवर असते तोवर परत जातात.

फोन रोज येतो. "जेवली का? शाळा झाली? अभ्यास कर. अम्मीले दे." झालं. व्हिडिओ कॉल असला तर फोन असा धरतात की मला त्यांचं अर्धं कपाळ आणि अख्खा पंखा दिसतो. त्या पंख्याला मी हजार पंख्यांत ओळखीन. घरात आम्ही हिंदी बोलतो, गावात मराठी, आणि अब्बूंना तिकडची तेलुगूही येते. तीन भाषा येणारा माणूस तिन्ही भाषांत गप्प बसू शकतो, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले. इथे सगळं मराठीत लिहितेय, कारण शाळा मराठीत होती.

कोणती शाळा? सांगते, दम धरा.

मी आधी अशी बोलकी नव्हते. वर्गात हजेरीला 'उपस्थित' म्हणायचं तरी घसा सुकायचा. मग नववीच्या गॅदरिंगला जी सूत्रसंचालन करणार होती तिला ऐन वेळी ताप भरला आणि मॅडमनी माझ्या हातात माईक कोंबला. पहिलं वाक्य मी काय बोलले मला आठवत नाही. दुसऱ्या वाक्याला लोक हसले. माझ्यावर नाही, माझ्या विनोदावर! त्या दिवसापासून अम्मी म्हणते, "पोरीनं माईक परत देल्ला, पण घसा तिथीच विसरून आली, आता कोणाचा तरी दुसराच घेऊन फिरून राह्यली."

तर त्या नव्या घशाने मी बकरी ईदला अब्बूंसमोर माझी योजना मांडली. लोक फोनवर केक शिकतात, मेंदी शिकतात, इंग्रजी शिकतात. प्लास्टर का नाही? मी शोधून पाहिलं होतं. व्हिडिओ होते, पण त्यांत नुसतं ढॅण ढॅण म्युझिक आणि भराभर पळणारे हात, समजावून कोणी सांगत नाही. आपण शाळा काढू. ऑनलाइन. नाव 'कय्यूम मिस्त्रीची शाळा'. शिकणारे आपापल्या गावी, आणि शिकवणारे सर आपल्या घरी.

हे शेवटचं मी हळूच म्हटलं. सगळी योजना त्या एका वाक्यासाठीच होती. शाळा चालली तर सरांना हैदराबादला जायची गरजच काय?

अब्बू हसले. "बेटा, हे हाताचं काम हाये. फोनमधून हात बाहेर येते का?"

"एक व्हिडिओ तर करून पाहू. मागची भिंतच करा ना, व्हिडिओ होईल आणि माझी ओलही जाईल."

"ते राहू दे." अब्बूंनी चहाचा कप खाली ठेवला. "मोरीची भिंत करू."

मागच्या भिंतीबद्दल दर ईदला हेच होतं. राहू दे. पुढच्या ईदले पाहू. मला वाटायचं, हलवायाला मिठाई नको तसं मिस्त्रीला घरचं काम नको.

मोरीची भिंत केली. मी फोन घेऊन मागे उभी. नंतर पाहते तर व्हिडिओभर अब्बूंची पाठ! बनियनचं भोक, मानेवरचा घाम, मधूनच एखादं कोपर.

"अब्बू, तोंड इकडे करा ना."

"तोंड इकडे केलं तर हात तिकडे कसे चालतीन?"

"मग काही बोला तरी."

"बोलत बोलत प्लास्टर करते तो मिस्त्री नसते, ठेकेदार असते." मग थापी धुता धुता म्हणाले, "शिकणारा मिस्त्रीच्या उजव्या खांद्यामागे उभा राहते. अशीच रीत हाये. मी बी माझ्या अब्बाच्या मागे असाच उभा राहून शिकलो. दिवसभर त्यांची पाठच पाहो. तोंड संध्याकाळी दिसे."

मी मनात म्हटलं, तुम्हाला संध्याकाळी तरी दिसायचं.

पण मी सोडणारी नव्हते. जायच्या आदल्या दिवशीपर्यंत मागे लागले, तेव्हा कुठे अब्बू म्हणाले, "बरं. मी तिकडून रविवारी शिकवतो. लांबून शिकून कोणी एकानं एक भिंत पुरी केली, आन् मी बॅटरी मारायला लावून पास केली, तं मानतो तुझी शाळा. मग हैदराबाद सोडतो."

"वचन?"

"मिस्त्रीचं वचन."

"मिस्त्रीचं नको. मिस्त्री उद्या येतो म्हणते आन् महिन्यानं येते. बापाचं द्या."

अब्बू इतके हसले की अम्मी स्वयंपाकघरातून पाहायला आली. "घे, बापाचं," ते म्हणाले.

मी पोस्टर बनवलं, ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्या ग्रुपवर टाकलं. पहिल्या रविवारी खूप जण आले, त्यातले बरेच 'हॅलो हॅलो आवाज येते का' एवढं विचारून गेले. टिकले दोन. एक प्रफुल, मोहर्लीचा. पावसाळ्यात ताडोबाच्या सफारीचे दरवाजे बंद, म्हणून रिकामा बसलेला. दुसरी भागीरथाबाई, सावलीजवळच्या एका खेड्यातली. घरी थोडी धानाची शेती, बाकी दिवस बांधकामावर रेजा, म्हणजे मजूर. घरकुल मंजूर झालं, भिंती उभ्या राहिल्या, पण प्लास्टरचं काम तसंच पडलेलं.

"कय्यूमभाऊ," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "घमेले वाहून वाहून माह्यं डोकं पाट्यावानी सपाट झालं. पण थापीले कोणी हात लावू देल्ला नाई. म्हणे बाईच्या हातानं भिंत फाटते."

"भिंत पाण्यानं फाटते, बाईनं नाई," अब्बू म्हणाले.

"भागीरथाबाई, त्यांना सर म्हणायचं," मी मध्येच बोलले. शाळा म्हटल्यावर शिस्त हवी.

"सर तं मारते वो माय. मी भाऊच म्हणीन."

तिकडे अब्बूंच्या खोलीच्या मागे एक कमरेएवढी विटांची भिंत त्यांनी रचून घेतली होती. फोन धरायला वारलूकाका, सिरोंचाकडचे, अब्बूंच्या खोलीतले सोबती. अब्बू चुना आणि रेती कालवायचे, सिमेंट नाही, म्हणजे शिकवून झालं की तेच खरडून पुढच्या रविवारी वापरता येतं. दर रविवारी ती भिंत गुळगुळीत व्हायची आणि दर रविवारी पुन्हा नागडी.

आणि अब्बू बोलायला लागले!

सुरुवातीला पाठच होती. मग भागीरथाबाई प्रश्न विचारायची, आणि उत्तर द्यायला ते किंचित वळायचे. मसाला, म्हणजे कालवलेला चुना-रेती, हातावर कसा तोलायचा. भिंतीवर मारताना मनगट कुठे सोडायचं. आधी भिंतीवर चार जागी मसाल्याच्या टिकल्या लावायच्या, त्यांना ठिये म्हणतात, आणि त्यांच्या पातळीत बाकी भिंत भरायची. वारलूकाका मधूनच म्हणायचे, "मिस्त्री, तू तं रेडिओ निंगाला बे! खोलीत तोंड उघडत नाई." मी माझ्या ओल्या फळीजवळ बसून ऐकत राहायचे. जेवली का, शाळा झाली का, याच्यापुढे अब्बूंच्या आत इतकं काही आहे हे मला माहीत नव्हतं. मलाही बोलावंसं वाटायचं, म्हणून मी हात वर करायचे. "सर, एक डाऊट आहे." डाऊट मी आदल्या रात्री तयार करून ठेवलेले असायचे. अब्बू म्हणायचे, "बोला उमेरा मॅडम," आणि पुढचा तो थोडासा वेळ फक्त माझा असायचा.

एका रविवारी भागीरथाबाई म्हणाली, "भाऊ, बाकी सगळं जमन. मचाणावर चढलं की मले गरगरते. त्याचं काय करू?"

अब्बू थांबले. थापी घमेल्यात खोचली.

"मले बी गरगरते," ते म्हणाले.

"काय सांगता?"

"खरं. पहिल्यापासून. तिकडे वरच्या माळ्यावर बाहेरून प्लास्टर करतो ना, तं मी फक्त भिंतीकडे पाहतो. नाक भिंतीले लावतो म्हणा ना. मागे जग हाये हे विसरून जायचं. मागे पाहिलं की संपलं."

"आन् पट्टा बांधत नाई का तुम्ही?" प्रफुलने विचारलं.

"बांधतो ना. पट्टा कमरेले बांधते, भीतीले नाई बांधत."

सगळे हसले. मी नाही हसले. मी फोनचा आवाज बंद करून मागच्या विटांना डोकं टेकवलं. इतकी वर्षं ते रोज सकाळी घाबरून वर चढतात आणि रोज रात्री मला विचारतात, जेवली का. त्या दिवशी मला पहिल्यांदा अब्बू घरी हवेत असं माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी वाटलं. लवकर हवेत. कोणीतरी ती एक भिंत पुरी करा रे!

पण झालं उलटंच. ऑक्टोबर लागला, ताडोबाचे दरवाजे उघडले, आणि प्रफुल जिप्सीवर गेला. "उमेरा, वाघ दिसला तं फोटो पाठवतो," एवढंच म्हणाला. मग धान कापणीला आलं आणि भागीरथाबाईही गेली. "माय, धान उभं ठेवून मी भिंतीसमोर उभी राहू का? घरात येऊ दे, मग पाहू."

पुढच्या रविवारी क्लासमध्ये मी एकटी. नवी वही, नवे डाऊट, केससुद्धा नीट विंचरलेले. अब्बू आले, पाहिलं.

"कोणीच नाई?"

"मी आहे ना, सर."

"तू तं घरचीच हाये, बेटा. एकटीसाठी काय क्लास घ्यायचा? अभ्यास कर. जेवली का?"

आणि पुन्हा पंखा.

मी दोन रविवार तो पंखा पाहिला. मग दिवाळीची सुटी लागली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, लांबून शिकलेली मीही आहेच ना! मोरीच्या मागच्या बाजूला मी चुना-रेतीने सराव करत होतेच, अम्मीच्या परातीचं वाटोळं करून. आणि भिंत? ती तर माझ्या उशाशी उभी होती. माझी ओल जाईल, अम्मीला चादर टांगावी लागणार नाही, पोट्ट्यांची तोंडं बंद होतील, भिंत पास होईल, अब्बू घरी येतील. एका दगडात अख्खं झाड!

रविवारी अम्मी बल्लारपूरला खालाच्या मुलीच्या मंगनीला गेली. मी पोटदुखीचं निमित्त काढून घरी. शेजारच्या रुबीना खालाच्या बाथरूमच्या कामातली उरलेली सिमेंटची बोरी आधीच मागून ठेवली होती. विटांमधल्या सांधी खिळ्याने उकरल्या, झाडू मारला, पाणी मारलं, रेती चाळली. दोन ड्रमवर फळी टाकून मचाण केलं. मग ग्रुपवर लिहिलं, 'आज क्लास आहे. शिकवणार सर, करणार उमेरा. भिंत खरी, सिमेंट खरं.'

भागीरथाबाई बांधावरून जोडली गेली, हातात विळा. प्रफुल कुठल्याशा गेटवरून दोन मिनिटांसाठी आला आणि नेटवर्कने त्याला गिळलं. मग अब्बू आले.

फोन मी विटांजवळ असा ठेवला होता की नुसती भिंतच दिसावी.

"कोणाची भिंत हाये?"

"आधी पास करा, मग सांगते!"

"सिमेंट कालवलं का?"

"कालवलं, सर."

"मग गोष्टी नको. मार."

मी फळीवर चढले आणि पहिली थाप मारली. मसाला भिंतीवर गेला, जरा विचार केला आणि माझ्या ओढणीवर परत आला.

"भाऊ, पोरीचंच प्लास्टर होऊन राह्यलं," भागीरथाबाई खिदळली.

"भिंत तहानलेली हाये. पाणी मार अजून. आता मार. मनगट सोड, खांदा नाई." अब्बूंचा आवाज बदलला होता. तो रविवारचा आवाज होता, मला हवा असलेला. "आता बस. पुढची याच्या बाजूले. घाई नको. पट्टी फिरव. खालून वर. तिरपी, तिरपी... हां! शाब्बास."

शाब्बास! मी त्या एका शब्दावर अख्खा ताजमहाल प्लास्टर केला असता. वरचा कोपरा झाला, मधला भाग झाला. दंड भरून आले, नाकावर सिमेंट, डोळ्यात घाम. मी भिंतीला नाक लावून काम करत होते आणि मागे जग आहे हे खरंच विसरले होते. ते सांगत होते, मी करत होते. ते हैदराबादला नव्हतेच. माझ्या उजव्या खांद्यामागे उभे होते.

मग वारा सुटला. अम्मीने जाताना सवयीने टांगलेली लाल चादर उडाली आणि फोनसमोर फडफडत आली. मी ओल्या हाताने बाजूला केली.

तिकडून आवाज येईना.

"कय्यूमभाऊ? रेंज गेली का?" भागीरथाबाईने विचारलं.

"उमेरा," अब्बू म्हणाले. "हे आपली मागची भिंत हाये?"

"हो! सरप्राईज!" मी मचाणावरून जवळजवळ नाचलेच. "पुरी करते, मग बॅटरी मारते, मग तुम्ही पास करा, मग..."

बोलता बोलता माझा आवाज बारीक होत गेला, कारण तिकडे कोणीच हसत नव्हतं. खाली घमेल्यात मसाला होता. कालवलेला मसाला कोणासाठी थांबत नाही.

"अब्बू? चुकलं का काही?"

"हात थांबवू नको," ते म्हणाले. "थांबली तं जोड दिसन. घे मसाला."

मी घेतला. त्यांनी सांगितलं तसं केलं. पण आता शाब्बास नव्हतं, नुसतं डावीकडे, खाली, दाब, फिरव. मी खिडकीपर्यंत आले. खिडकीच्या पलीकडे अजून अर्धी भिंत बाकी होती.

"बस. थांब."

"अजून अर्धी आहे, अब्बू! मसालाही कालवता येईल, सिमेंट आहे..."

"थांब म्हटलं ना. थापीची धार घे. खिडकीच्या रेषेत वरून खाली सरळ काप. जास्तीचं काढून टाक. कड एकदम सरळ पायजे."

मी कापली. थापी ओल्या प्लास्टरमधून सुरीसारखी गेली. एका बाजूला राखाडी, गुळगुळीत. दुसऱ्या बाजूला विटा.

"भाऊ, अर्धीच काऊन सोडता?" हे भागीरथाबाईने विचारलं, म्हणून बरं झालं. मी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, अभ्यास कर.

अब्बू तिच्याशी बोलले. माझ्याशी नाही, तिच्याशी, म्हणून बोलू शकले.

"काम सोडायची बी एक पद्धत असते, बाई. फाटकी कड सोडली तं समजायचं, मिस्त्री पळून गेला. कापलेली कड म्हणजे मिस्त्री येणार हाये. आला की तो कड खरडते, सिमेंटचं पाणी मारते आन् तिथूनच पुढे जाते." मग म्हणाले, "माझे अब्बा आदिलाबादकडे कामाले जात. जाताना घरचं एक काम हातचं ठेवूनच जात. कधी उंबरठा, कधी चुलीमागचा कोपरा. लोक नावं ठेवत. ते म्हणत, घरचं सगळं पुरं करून जो निघते, तो घरी पाहुणा म्हणून येते. मी ही भिंत ठेवली होती."

बांधावरचा वारा फोनमधून ऐकू येत होता. मी फळीवर बसले होते आणि थापी हातातच होती. म्हणजे दर ईदचं ते 'राहू दे'. म्हणजे ही सारी वर्षं माझ्या उशाशी जी ओल होती, ती...

"मग पोरीची भिंत पास का नापास?" भागीरथाबाईने शेवटी विचारलं.

"अर्धी भिंत ना पास ना नापास."

"मग तुमचं वचन?" हे मीच विचारलं. घसा पुन्हा जुना झाला होता, सुकलेला.

उत्तर भागीरथाबाईने दिलं. "थांब वो माय. माह्यं धान घरात येऊ दे. मग मी करतो पुरी भिंत, चारही बाजू. आन् बॅटरी भाऊच्या नाकासमोर मारतो. पाहू कसे येत नाई."

"तराई कर," अब्बू मला म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ पाणी मार. सुकू देऊ नको." आणि कॉल संपला.

संध्याकाळी अम्मी आली. मला वाटलं, पोटदुखीचा आणि परातीचा हिशेब एकदमच होणार. ती मागे गेली. खूप वेळ उभी राहिली. राखाडी भागाला तिने हातच लावला नाही. बोट फिरवलं ते कडेवरून, वरून खालपर्यंत.

"थांबायले त्यांनी सांगितलं?"

"हो."

"पुरी केली असती तं मी तुले घरात घेतलं नसतं," ती म्हणाली. रागाने नाही. मग तिने तारेवरची लाल चादर काढली, झटकली, घडी घातली आणि आत नेऊन पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून मी तराई करतेय. मग्याने वरून पाणी सोडते. ते प्लास्टरवरून सरळ खाली येतं, कडेपर्यंत जातं आणि पलीकडे विटांवर गेलं की लगेच दिसेनासं होतं. विटा अजून तहानलेल्या आहेत. पोट्टे आता ओरडतात, "काऊन वो, थंडी अर्धीच राह्यली का?" मी ओरडते, "बाकीचा मिस्त्री यायचा आहे!" आणि मग दिवसभर माझं स्वतःचंच वाक्य माझ्या कानात वाजत राहतं.

आज सकाळी तराई करत होते तर फोन वाजला. रविवार नव्हता. रोजच्या फोनची रात्रीची वेळही नव्हती. अब्बू होते, कामावरून, मागे कसलं तरी मशीन धडधडत होतं.

"तराई केली?"

"करतेच आहे."

"चीर गेली का कुठी?"

"नाही. एकदम पक्कं."

"कड दाखव."

मी मागचा कॅमेरा लावला आणि फोन भिंतीकडे धरला. "दिसते?"

"जवळ ने."

मी जवळ नेला. आणि नीट दिसावं म्हणून अब्बूंनीही त्यांचा फोन डोळ्यांजवळ नेला. पंखा नव्हता, कपाळ अर्धं नव्हतं, पाठ नव्हती. माझ्या हातात अब्बूंचं अख्खं तोंड होतं. भुवईत सिमेंटचा एक वाळलेला ठिपका. कानाजवळचे केस पांढरे झालेत, बकरी ईदला नव्हते. डाव्या डोळ्याखाली एक बारीक सुरकुती, ती माझ्याही डोळ्याखाली हसताना पडते. ते भिंत पाहत होते. वरून खाली, हळूहळू, जसं एखाद्याला खूप दिवसांनी पाहावं तसं. मी त्यांना पाहत होते.

कधी येता, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारलं असतं तर ते भिंतीवरून नजर काढून उत्तर शोधत बसले असते, आणि मग फोन कानाला लागला असता.

"अजून थोडा खाली," ते म्हणाले.

मी फोन कडेकडेने खाली आणला.

"हां. हलवू नको आता."

मी मनगट घट्ट धरलं, श्वाससुद्धा धरला, आणि नाही हलवला.